ऑल व्हील गाडी काळ्या जमिनीत दरवेळी का फसते, एडब्ल्यूडीचा दिवा का लागतो: खर्चात पडण्याआधी काय तपासायचं

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत आता ऑल व्हील ड्राइव्हच्या (एडब्ल्यूडी, म्हणजे गरज पडली की चारही चाकांना ताकद देणाऱ्या) फॅमिली गाड्या बऱ्यापैकी दिसायला लागल्यात, कोणाकडे सेकंड हँड घेतलेली डस्टर एडब्ल्यूडी, कोणाकडे ग्रँड विटारा नाहीतर हायरायडरची ऑल व्हीलवाली, कोणाकडे कंपास, कोणाकडे एक्सयूव्ही ७००, आणि गाडी कुठलीही असो तक्रार फिरून फिरून तीच येते. डांबरी सोडून शेताच्या पाणंदीत घातली की थोडं अंतर गाडी मस्त जाते, मग पुढची चाकं जागेवर गरगर फिरतात, मागची गप्प बसतात, जळका वास येतो, डॅशबोर्डवर एडब्ल्यूडीचा दिवा लागतो आणि शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला नेली तर तिथे दिवा गायब, स्कॅनर लावून सांगतात की काहीच फॉल्ट नाही. पुढच्या पावसात परत तेच.

यात काही जण वैतागून मागचं कपलिंग, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणारा जोड, बदलायला निघतात आणि तो खर्च साधा नसतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं ठाम मत असं आहे की कपलिंगला हात लावायच्या आधी टायर, माती आणि लॉकचं बटण (मागची चाकं आधीपासून जोडून ठेवणारं) या तीन गोष्टी नीट बघा, बहुतेकांचा प्रॉब्लेम तिथेच सापडतो.

आधी आत काय चालतं ते. या गाड्या थार, जिमनी किंवा फॉर्च्युनर फोर बाय फोरसारख्या नाहीत, यांच्यात लो रेंजचा, म्हणजे अगदी सावकाश पण जास्त जोराने ओढणारा, गिअर नसतो. इंजिनची ताकद मुळात पुढच्या चाकांना जाते आणि मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) तोंडाशी तेलात बुडालेल्या बारीक क्लच प्लेटांचं एक कपलिंग असतं. पुढची चाकं घसरायला लागली किंवा घसरतील असं कॉम्प्युटरला वाटलं की तो त्या प्लेटा दाबतो आणि मग ताकद मागे जाते. ऑटोवर ठेवली असेल तर हे सगळं होईपर्यंत पुढचं चाक थोडं तरी फिरून गेलेलं असतं, डांबरावर ते कळतसुद्धा नाही पण काळ्या मातीत तेवढ्यात चाक स्वतःचा खड्डा करून बसतं. मग आपण अजून ॲक्सिलरेटर देतो, प्लेटा एकमेकींवर घासतात, तेल तापतं, आणि एका हद्दीनंतर कॉम्प्युटर कपलिंग सोडून देतो कारण नाही सोडलं तर प्लेटा जळतील. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी मागची चाकं बंद पडतात ती सिस्टिम बिघडली म्हणून असंच नाही, बऱ्याचदा ती स्वतःला वाचवत असते. थंड झाली की दिवा जातो, म्हणून वर्कशॉपमधे काही सापडत नाही.

तर पहिलं काम, दिवा कसा लागतो ते नीट बघायचं. नुसता वैतागून फोटो काढू नका, दिवे कोणकोणते आहेत ते वाचा.

फक्त एडब्ल्यूडीचा दिवा लुकलुकतो किंवा तापल्याचा मेसेज येतो आणि थोडा वेळ उभी ठेवली की आपोआप जातो, तर ती वर सांगितलेली उष्णता. इंजिन चालू ठेवायचं, गाडी न्यूट्रलला, ऑटोमॅटिक असेल तर पार्कला, आणि शांतपणे थांबायचं. दहा पंधरा मिनिटं सहज लागतात, मे महिन्यात जास्तच, आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा खालून जमीनही तापलेली असते. दिवा जायच्या आत परत परत ट्राय मारत बसलात की थंड व्हायला अजून उशीर, आणि प्लेटांचं आयुष्य कमी होतं ते वेगळंच.

एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं), ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारं) आणि एडब्ल्यूडी असे तिन्ही दिवे एकदम लागले आणि डांबरावर आल्यावरही जात नाहीत, तर कपलिंगचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि चाकाजवळचे स्पीड सेन्सर बघा. प्रत्येक चाकाच्या हबपाशी एक छोटा सेन्सर असतो, चाक किती वेगाने फिरतंय ते तो सांगतो, आणि ही सगळी सिस्टिम त्याच्याच भरवशावर चालते, एका चाकाची माहिती येणं बंद झालं तर कॉम्प्युटर तिन्ही कामं एकदम थांबवतो. आमच्या साडूभाऊंच्या गाडीचं मागच्या पावसाळ्यात हेच झालं होतं, यावलकडच्या एका शेतरस्त्यावरून आले आणि तिन्ही दिवे पेटलेले, वर्कशॉपवाल्याने हब बेअरिंग बदलायचं एस्टिमेट हातात दिलं. अंगणात जॅक लावून मागचं डावं चाक काढलं तर आतल्या बाजूला सेन्सरच्या वायरीभोवती काळ्या मातीचा ढेकूळ वाळून असा घट्ट बसलेला की बोटाने निघेना, पाण्याने भिजवून खुरप्याच्या टोकाने हळूहळू सोडवला तेव्हा दिसलं की त्या ढेकळाच्या वजनाने वायर ताणली जाऊन कनेक्टर अर्धा बाहेर आलाय. कनेक्टर पुसून टक् असा आवाज येईपर्यंत आत दाबला, गाडी गल्लीत फिरवून आणली आणि तिन्ही दिवे गेले. "भाऊ, मग ते बेअरिंग?" साडूभाऊ विचारू ऱ्हायले. बेअरिंगला काही झालेलंच नव्हतं.

तिसरा प्रकार जास्त फसवा आहे. चिखलाचा संबंध नाही, हायवेला सरळ चालताना एडब्ल्यूडीचा दिवा अधूनमधून लागतो, किंवा शेतात गेलं की दोन मिनिटांतच कपलिंग तापतं. असं असेल तर टायर मोजा, खरंच मोजा.

आपल्याकडे सवय अशी की पुढचे टायर आधी झिजतात म्हणून दोनच नवीन टाकायचे आणि मागचे अजून एक सीझन चालवायचे. टू व्हील ड्राइव्ह गाडीत ते चालून जातं, ऑल व्हीलमधे नाही चालत. २१५/६० आर १७ साइजचा नवीन टायर घेतला तर त्याचा घेर साधारण २ मीटर १६ सेंटिमीटर येतो, तोच टायर ५ मिलिमीटर झिजला की घेर ३ सेंटिमीटरच्या आसपास कमी होतो. म्हणजे झिजलेलं चाक एका किलोमीटरला सहा-सात फेऱ्या जास्त मारतं, आणि जळगावहून धुळ्याला जाईपर्यंत हा फरक सहाशे फेऱ्यांच्या जवळपास जातो. कॉम्प्युटरला वाटतं की एक ॲक्सल सारखा घसरतोय, तो प्लेटा दाबतो, आणि त्या प्लेटा डांबरावरच घासून घासून अर्ध्या तापलेल्या असताना तुम्ही पाणंदीत शिरता. मग तिथे टिकणार किती वेळ.

मोजायची पद्धत सोपी आहे. सपाट जागी गाडी सरळ उभी करा, चारही टायरांत हवा एकसारखी भरून घ्या, टायरच्या खालच्या टोकाला खडूने खूण करा आणि त्याच जागी जमिनीवर पण खूण करा, मग कोणाला तरी गाडी हळूहळू ढकलायला सांगा, ती खूण एक पूर्ण फेरी मारून परत खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करायची आणि शिंप्याच्या नाहीतर गवंड्याच्या टेपने मधलं अंतर मोजायचं. चारही चाकांचं करा. एका फेरीत मिलिमीटरचा फरक धरता येत नसेल तर तीन फेऱ्यांचं अंतर घ्या. नुसते खाचांची खोली मोजणारे गेज पण मिळतात, स्वस्त असतात, तेही चालेल. मॅन्युअलमधे किती फरक चालतो ते दिलेलं असेल तर तेच धरा, दिलेलं नसेल तर खाचांच्या खोलीत दोन-तीन मिलिमीटरच्या (घेरात साधारण सव्वा ते दोन सेंटिमीटरच्या) वर फरक नको, आणि चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे हवेत. स्टेपनी बारीक साइजची दिली असेल तर ती लावून शेतात जाऊच नका. आणि रोटेशन, म्हणजे टायरांची पुढे-मागे अदलाबदल, वेळेवर करत राहिलात तर हा सगळा त्रास येतच नाही, चारही सोबत झिजतात, चारही सोबत बदलायचे. एकदम पैसे जातात हे खरं, पण कपलिंगच्या मानाने स्वस्तच.

आता माती. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन बसाल्ट झिजून झालेली, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसून भेगा पडतात. उन्हाळ्यात त्याच रस्त्याने गाडी धुरळा उडवत जाते आणि पहिल्या पावसानंतर त्याच रस्त्यावर पाच पन्नास पावलं पण जात नाही, याचं कारण इंजिन किंवा ड्राइव्ह नाही. ओल्या काळ्या मातीने रोड टायरच्या खाचा भरून जातात आणि टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो, मग त्याला ताकद पुढून द्या नाहीतर चारही चाकांना द्या, धरायला काही राहतच नाही. रिमझिम पावसाची ओल तर सगळ्यात वाईट, कारण जोरदार पावसात निदान थोडं पाणी टायर धुऊन काढतं, अर्धवट ओल असली की माती थरावर थर चिकटत जाते आणि शेवटी मडगार्डमधे ठासून चाक फिरायचं बंद होतं. असं वाटलं की थांबायचं आणि हाताने काढायचं, कारण तसंच रेटलं तर मडगार्डचं प्लास्टिक लायनर फाटून निघतं आणि ब्रेकचे पाइप, सेन्सरच्या वायरी त्याच्याच शेजारी असतात.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, तो वाफसा आल्याशिवाय वखर घालत नाही. गाडीलाही तोच नियम लावा. बांधावरची चार बोटं खालची माती मुठीत घ्या, दाबून गोळा करा आणि कंबरेच्या उंचीवरून खाली टाका. गोळा फुटला आणि हात बऱ्यापैकी स्वच्छ राहिला तर वाफसा आहे, गाडी जाईल. गोळा तसाच राहिला, तळहाताला माती चिकटून बसली, तर गाडी डांबरीवर लावा आणि पायी जा. हा एवढा तपास बऱ्याच ट्रॅक्टरच्या फेऱ्या वाचवतो. रस्ता कसा आहे ते केळीच्या बागेवाल्यांना विचारा, रावेर-यावल पट्ट्यात ड्रिप असलं तरी पाइप फुटला की पाणंद भर उन्हाळ्यात पण ओली असते आणि वरून पापुद्रा सुकलेला दिसतो.

जायचंच ठरलं तर तयारी डांबरीवरच करायची, चिखलात शिरल्यावर नाही. लॉकचं बटण असेल तर ते आधीच दाबा, ऑटोच्या भरवशावर राहू नका, लॉकमधे प्लेटा आधीपासून दाबलेल्या असतात म्हणून पुढचं चाक खड्डा करायच्या आत मागून ढकल मिळते. ऑलग्रिप म्हणजे ग्रँड विटाराच्या ऑल व्हील सिस्टिममधे ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक असे मोड आहेत, डस्टरला गोल बटण फिरवून टू व्हील, ऑटो, लॉक. स्पीड वाढला की लॉक आपोआप सुटतो हे लक्षात ठेवा, मधे कडक तुकडा लागला आणि जोरात घेतली तर पुढच्या चिखलाआधी दिवा परत बघा. ट्रॅक्शन कंट्रोल चिखलात आणि वाळूत बंद करायचं, नाहीतर चाक जरा घसरलं की ते इंजिनची ताकद कापतं आणि गाडी जागेवर मरते, बऱ्याच गाड्यांत बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. पण एकाड एक चाक हवेत लटकतंय अशी परिस्थिती असेल, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं, तर ते चालू ठेवलेलं बरं, कारण फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ते दुसऱ्या बाजूला ताकद पाठवतं. दुसरा गिअर, एकसारखा पाय, स्टिअरिंग होईल तितकं सरळ, मधे थांबायचं नाही.

ट्रॅक्टरच्या चाकोरीत शक्यतो चाकं घालू नका. ट्रॅक्टरचं पोट उंच असतं, आपल्या गाडीचं जमिनीपासून वीस एकवीस सेंटिमीटर, ते पण रिकामी असताना. घरातली पाच माणसं आणि डिकीत सामान म्हटलं की अजून खाली. चाकोरी खोल असेल तर मधल्या वरंब्यावर पोट टेकतं आणि मग चारही चाकांना लॉक असून उपयोग नाही, चाकांवर वजनच उरत नाही. एक चाक वरंब्यावर आणि एक कडेला असं चालवा, कडेला कपाशीचे खुंट नाहीत हे बघून. पऱ्हाटी काढल्यावर जमिनीत राहिलेला खुंट तिरपा कापलेला असतो, तो टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसला तर पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर गेला.

तरी फसलीच, तर चाक पहिल्यांदा फिरलं त्या क्षणी पाय काढा. पोट टेकेपर्यंत रेटून मग उतरणं आणि चाक चार बोटं रुतलं असताना उतरणं यात अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. आधी घरच्यांना उतरवा. फावड्याने चारही चाकांच्या पुढची आणि मागची माती सपाट उतारासारखी काढा, पोटाखाली टेकलं असेल तर तिथलीही. हवा कमी करा, चिखलात २२ पर्यंत, वाळूत १८ पीएसआयपर्यंत, त्याच्या खाली रोड टायरला नको आणि हवा कमी असताना स्टिअरिंग जोरात कापायचं नाही, टायर रिममधून सुटतो. मग चाकाखाली पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या आडव्या टाका, चांगली जाड चटई होईल इतक्या, बारदान असेल तर ते. केळीची पानं किंवा खोडं अजिबात टाकू नका, हाताशी तीच असतात म्हणून सगळे तीच टाकतात आणि चाक त्याच्यावर तेल लावल्यागत घसरतं. पुढे जायचा हट्ट न करता आलेल्या मार्गाने रिव्हर्स घ्या, तिथली जमीन तुमच्याच चाकांनी दाबलेली असते.

ट्रॅक्टर लावायची वेळ आली तर साखळी कुठे बांधायची ते तुम्ही दाखवा. टूलकिटमधे एक आटे असलेला हूक असतो, बंपरमधलं छोटं झाकण काढून तो पूर्ण घट्ट बसवायचा, काही गाड्यांत आटे उलटे असतात. ट्रॅक्टरवाला दादा मदतीला येतो पण वाकून सस्पेन्शनच्या आर्मला साखळी अडकवतो, आर्म वाकला की गाडी कायमची एका बाजूला ओढते आणि टायर तिरके झिजतात, म्हणजे परत तोच टायरच्या फरकाचा प्रॉब्लेम. सावकाश ताणायला सांगा, झटका नको, आणि साखळीच्या रेषेत कोणीही उभं राहू नये, लहान मुलं तर लांबच.

वाळूचं थोडक्यात. तापी नाहीतर गिरणेच्या पात्रात हवा कमी करून गाडी छान चालते पण उपसा झालेल्या जागेचे खड्डे वरून दिसत नाहीत, वाऱ्याने आणि पाण्याने वाळू येऊन ते भरलेले असतात आणि आत भुसभुशीत, म्हणून आधी पायी चालून या. फरशीवरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, ऑल व्हील असो नाहीतर काही असो.

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलच्या वरच्या अंगाला, आणि तोरणमाळ, पालकडे जमीनच वेगळी, मुरूम आणि गोटे. तिथे रुतत नाही, तिथे पोटाला मार बसतो, म्हणून गोटा दोन चाकांच्या मधून काढण्यापेक्षा चाक त्याच्यावर चढवा. यावल अभयारण्यात रस्ता सोडून गाडी घालायची नाही, तिथे वनखात्याचे नियम आहेत आणि ते पाळायचेच.

डांबरीवर आल्याबरोबर लॉक काढा, हवा भरा. लॉक ठेवून कडक रस्त्यावर वळवली की गाडी अडखळते, मागून कटकट आवाज येतो, तो कपलिंगवरचा ताण असतो. ८० च्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं तर अलाइनमेंटला पळू नका, रिमच्या आतल्या बाजूला माती वाळून बसलेली असते, ती काढली की बहुतेक वेळा थरथर जाते. त्याच दिवशी धुवा, आठवडाभराने ती दगड होते. रेडिएटरच्या जाळीवर आणि सेन्सरवर प्रेशर जवळून मारू नका. गाडी जास्त पाण्यातून गेली असेल तर मागच्या डिफरन्शियलचं तेल तपासून घ्या, तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात बुडला की ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छोट्या भोकातून) पाणी आत ओढतो आणि तेल दुधाळ होतं.

एवढं सगळं करून, चारही टायर सारखे असून, थंड गाडीतही दिवा येतच असेल, तर मग वर्कशॉप. जाताना कोणते दिवे एकत्र लागले, किती वेळ चालल्यावर, कुठल्या मोडमधे, हे लिहून न्या. बाजारातला स्वस्त ब्लूटूथ ओबीडी (गाडीतले फॉल्टचे कोड वाचणारं यंत्र) बहुतेक वेळा पी ने सुरू होणारे इंजिनचेच कोड दाखवतो, तुम्हाला एबीएस आणि एडब्ल्यूडी मॉड्यूलमधले सी आणि यू ने सुरू होणारे कोड हवेत, जुने साठवलेले पण, ते स्पष्ट सांगून वाचून घ्या आणि फोटो काढा. बॅटरी चेक करायला लावा, कमजोर बॅटरीने पण हे दिवे लागतात. कपलिंगचं तेल काही गाड्यांत वेगळं असतं आणि ठराविक मुदतीनंतर बदलायचं असतं, सेकंड हँड घेतली असेल तर मागच्या मालकाने बदललं का त्याचं बिल बघा, नसेल तर पार्ट बदलायच्या गोष्टी करण्याआधी ते तेल बदलून बघा.

आणि गाडी बंद पडून उचलून न्यावी लागली तर क्रेनवाल्याला फोनवरच सांगा की ऑल व्हील ड्राइव्ह आहे, पुढची दोन चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत न्यायची नाहीत, चारही चाकं वर घेणारी सपाट पाठीची गाडी पाठवा. तशी मिळत नसेल तर मागच्या चाकांखाली ट्रॉली लावायला सांगा, आणि तीही नसेल तर गाडी रात्रभर तिथेच सावलीला राहू द्या, सकाळी सपाट गाडी आली की मगच हलवा.